चांदमारीची रेती

१

जेसीबीचं सुपडं टेकाडाला लागणार, तेवढ्यात ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि केबिनमधून उडी टाकून तो जो पळत सुटला, तो थेट देवास-कन्नौद रस्त्यावरच्या चहाच्या टपरीशी जाऊन थांबला. "गोला है," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "तोप का गोला."

नायब तहसीलदार ऋजुता नगरकर पोचली तेव्हा पोलिसांनी फाटक अडवलं होतं. या जमिनीचा नकाशा तिने कितीदा तरी पाहिला होता, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. आत गेली आणि ती जागीच थांबली. चारी बाजूंनी गाव वाढत आलेलं, घरावर घर चढलेलं, आणि मध्ये ही एवढी मोकळी, पिवळ्या गवताची जमीन, जिच्यावर आभाळ थेट खाली उतरलेलं. पूर्वी इथे संस्थानी फौजेची छावणी होती. पुढे सैन्याने जागा घेतली आणि काही वर्षांपूर्वी सोडूनही दिली. तेव्हापासून तारेचं कुंपण आणि विलायती बाभळी यांच्यापलीकडे फारसं कुणी गेलेलं नव्हतं.

आता ही जमीन सरकारी शाळेसाठी राखून ठेवायचं ठरलं होतं. गावातली शाळा पत्र्याच्या दोन शेडांत भरायची आणि आठवीवर संपायची. पुढचं शिकायचं तर ट्रकांचा हायवे ओलांडून जावं लागे, म्हणून बहुतेक मुली आठवीनंतर घरीच बसत. महिनाअखेरपर्यंत मोकळी, बिनधोक जमीन शिक्षण खात्याच्या ताब्यात दिली नाही, तर शाळेची मंजुरी दुसऱ्या तहसिलीत जाणार होती. ताबा द्यायचं काम ऋजुताचं होतं.

जमिनीच्या टोकाला चांदमारी होती. फौजेच्या नेमबाजीची जागा: एक लांबलचक उंच टेकाड, ज्याच्या सरळ कापल्यासारख्या अंगावर शिपाई गोळ्या झाडत. ते सगळं अंग भोकांनी चाळण झालेलं दिसत होतं. काय ही माणसं असतील, आणि किती वर्षं इथे बंदुका धडधडल्या असतील, असं ऋजुताच्या मनात आलं. वर विजेच्या तारेवर पाखरांची लांब ओळ बसली होती. खाली, टेकाडाच्या अगदी पायथ्याशी, गंजलेला गोळा पडला होता. त्याच्याभोवती कुणीतरी बाभळीच्या काट्यांचं दाट कडं केलं होतं.

"या काट्या तुम्ही टाकल्यात?" तिने हवालदाराला विचारलं.

"नहीं मॅडम. आम्ही आलो तेव्हा होत्याच."

इंदूरहून बॉम्बपथक आलं. सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. बऱ्याच वेळाने पथकाचा प्रमुख तो गोळा चक्क काखेत धरून बाहेर आला.

"खाली है," तो हसून म्हणाला. "शंभर वर्षांचा असेल. दारू कधीच काढून टाकलेली. लेकिन मॅडम, ये देखिए."

गोळ्याच्या टोकाच्या भोकात माती ठासून भरलेली होती. ऋजुताने नखाने ती उकरली. माळव्याची काळी माती. मग तिने वाकून टेकाडाच्या पायथ्याची मूठभर माती उचलली. ती बोटांतून झरझर खाली गेली.

सबंध टेकाड रेतीचं होतं.

२

ऋजुताला रेतीची पारख होती. नोकरीची पहिली वर्षं तिने नेमावरला काढली होती. नर्मदेच्या पात्रातून चोरून रेती नेणाऱ्या डंपरांमागे ती पहाटेपासून फिरायची. तिथली रेती कशी असते, ओली असताना कशी दिसते, वाळल्यावर अभ्रकाचे कण तिच्यात कसे चमकतात, हे तिच्या बोटांना पाठ होतं. मुठीतली ही रेती तशीच होती. पण नर्मदा इथून घाट उतरून जावं तेव्हा लागते. इथे ती कुठून येणार, असं म्हणून तिने तो विचार बाजूला सारला.

गोळा कुणीतरी आणून ठेवला होता, एवढं आता नक्की होतं. तो काळ्या मातीत कुठेतरी होता, रेतीत नव्हे. उकरलेल्या मातीतून आणखी दोन गोष्टी निघाल्या होत्या: उदबत्तीची जळकी काडी आणि गोळ्याच्या खाचेत लालसर चुरा. तिने तो बोटावर घासून वास घेतला. कुंकू.

एसडीएम साहेबांचा फोन आला. "रिकामा असो की भरलेला, एक निघाला म्हणजे आणखीही असतील, असं लोक म्हणणार. कुणी ठेवला ते सांगा, नाहीतर संपूर्ण जमीन तपासून घ्यावी लागेल. त्यात पावसाळा येईल. शाळा गेली समजा."

ऋजुता आधी ठेकेदाराकडे गेली. शौर्य तरुण होता. गळ्यात जाडी साखळी, आवाजात कायम घाई. टेकाड सपाट करायचं काम त्याचं होतं.

"भिया, सच बताओ, तुमचा यात काय फायदा?" तिने सरळ विचारलं.

"फायदा? मॅडम, अपना तो नुकसान हो गया. टेकाड तोडायचं आणि ती रेती आपणच न्यायची, असा ठेका आहे. अशी रेती आजकाल मिळते कुठे? मी ते टेकाड आजच्या आज उचलायला तयार आहे. मी कशाला बम ठेवू?"

हे पटण्यासारखं होतं. शौर्यला एक दिवसाचाही उशीर परवडणारा नव्हता.

तिथून ती शाळेत गेली. पत्र्याखाली उकाड्याने मुलांचे चेहरे लाल झाले होते. मुख्याध्यापिका वल्लरी सुपेकर फळ्यापाशी उभ्या होत्या. बोटं खडूने पांढरी, पदर खोचलेला. या जमिनीसाठी त्यांनी भोपाळपर्यंत चकरा मारल्या होत्या, हे साऱ्या तहसिलीला माहीत होतं.

"बाई, कुणावर संशय?"

"कुणावर घेऊ?" वल्लरीबाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, जमीन जाणार नाही ना?"

"कुणी ठेवलं ते कळलं, तर जाणार नाही. नाही कळलं, तर मंजुरी हातची जाईल."

वल्लरीबाईंच्या हातातला खडू मोडला. त्यांनी वाकून दोन्ही तुकडे उचलले आणि वर्गाकडे वळल्या. एवढी मेहनत केलेल्या बाईला असा धक्का बसणारच, असं ऋजुताला वाटलं. दारातून निघताना तिने सहज विचारलं, "जुन्या तोफा, हत्यारं अजून कुणाच्या घरी असतील इथे?"

वल्लरीबाईंनी मागे न बघता सांगितलं, "जगदाळ्यांकडे."

३

राजवर्धन जगदाळ्यांचे पणजोबा संस्थानी फौजेचे बक्षी, म्हणजे मोठे अधिकारी, होते. राजवर्धन आता पीथमपूरच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. छावणीची जमीन मुळात आमचीच, असा त्याचा दावा कोर्टात चालू होता. गावाच्या मते गोळा त्याचाच, आणि ठेवणाराही तोच.

त्याच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात तलवारी, भाले, जुन्या बंदुका भिंतीवर नीट टांगलेल्या होत्या.

"ऋजुताताई, मला कळतंय तुम्ही का आल्या," तो म्हणाला. "जमीन पणजोबांनी फौजेला दिली होती, स्कूलला नाही. कोर्टात मॅटर आहे. पण मुलं खेळणार त्या जागी गोळा ठेवायला मी काय पागल आहे?"

"तुमच्याकडे तोफेचे गोळे आहेत?"

"एकच होता. खंडेनवमीला त्याची पूजा होते. अक्का करते. मागच्या अंगणात तुळशीपाशी असतो. चला, दाखवतो."

ऋजुता त्याच्या मागोमाग गेली. अंगणात तुळशीवृंदावन, त्याला लागून काळ्या मातीचा छोटा वाफा. राजवर्धन थांबला. वाफ्याच्या कडेला मातीत एक गोल खळगा होता, आजूबाजूला उदबत्तीच्या काड्या पडलेल्या. खळगा रिकामा होता.

राजवर्धनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो नाटक करत असेल, तर फारच चांगलं करत होता. आणि गोळा त्यानेच नेला असता, तर तो स्वतः तिला इथे कशाला घेऊन आला असता?

"कुणी नेला?" त्याने स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

"मी दिला," मागून आवाज आला.

४

ओसरीच्या खांबाला धरून अक्का उभ्या होत्या. राजवर्धनच्या आत्या, वय नव्वदीच्या घरात, नऊवारी, डोळ्यांवर दोन्हीकडे पांढरा पडदा आलेला.

"कोण गं तू? मघाच्या आवाजावरून नगरकरांची वाटतेस."

"हो अक्का. ऋजुता."

"बैस. राजा, तू जा बाहेर."

राजवर्धन गेला. अक्का पाटावर बसल्या. शेजारी चौरंगावर लाल फडक्यात पोथी होती. फडक्यावर पांढऱ्या बोटांचे ठसे उमटलेले. ऋजुताला आधी ते भस्म वाटलं.

"गोळा कुणाला दिलात?"

"ते विचारू नकोस. चांगल्या कामाला दिला. कुणाला इजा होणार नव्हती, हे माहीत होतं मला."

"अक्का, शाळा जाईल अशाने."

अक्कांनी मान फिरवली. ऋजुताने वेगळ्या बाजूने सुरुवात केली. तिने विचारलं, "चांदमारीचं टेकाड रेतीचं कसं?"

अक्कांचा आवाज बदलला. "आमचे आजोबा सांगत. नेमबाजीला टेकाड हवं होतं, आणि त्यात खडा नको, नाहीतर गोळी उलटून शिपायाला लागायची. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात वाहून जाते. मग नेमावरहून रेती आणली, बैलगाड्यांतून. घाट चढून, कन्नौदवरून, उन्हाळाभर गाड्यांची रांग तुटत नव्हती म्हणे. आणि गंमत अशी, की टेकाड उभं राहिलं तर शिपाई गोळी झाडायला तयार होईनात. नर्मदामाईच्या अंगावर गोळी कशी झाडायची? शेवटी रोज सकाळी वाहाणा काढून, टेकाडाला नमस्कार करून, क्षमा मागून मगच बंदुका उचलत."

ऋजुता ऐकतच राहिली. तिच्या बोटांनी खोटं सांगितलं नव्हतं. घाटावरच्या कोरड्या माळव्यात, घरांच्या गराड्यात, नदीचा एक काठ उचलून आणून ठेवलेला होता. शंभर वर्षं तो तिथे उभा होता आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"ही पोथी कोण वाचतं?" निघताना तिने विचारलं. "तुम्हाला तर दिसत नाही. राजवर्धन?"

"तो कसला वाचतो. मराठी बोलतो तेवढंच, पोथीची जुनी मराठी वाचायला जमत नाही त्याला. शाळा सगळी हिंदीत झाली ना." आणि अक्कांनी पोथी चाचपून आपल्याकडे ओढली.

ऋजुताने फडक्यावर बोट फिरवलं. पांढरी पूड बोटाला लागली. भस्माला वास असतो. याला नव्हता. हा खडू होता.

५

तरीही ते तिला पटेना. जिने शाळेसाठी एवढ्या चपला झिजवल्या, तीच शाळेच्या वाटेत तोफगोळा का ठेवेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन अजून कोवळं असताना, ऋजुता एकटीच चांदमारीवर गेली. ती फाटकाशी थांबली आणि सगळी जमीन एकवार नजरेखालून घातली. पायाच्या खुणेचे चुन्याचे पट्टे मधोमध, फाटकाजवळ आखलेले. गोळा मिळाला टेकाडापाशी, अगदी दूर. शाळा अडवायची असती, तर गोळा चुन्याच्या पट्ट्यात ठेवला असता. राजवर्धनने तसंच केलं असतं. पण ठेवणाऱ्याला शाळा अडवायची नव्हती. त्याला जेसीबी अडवायचा होता. त्याला टेकाड वाचवायचं होतं.

आणि काट्यांचं कडं. रिकाम्या गोळ्याला कडं कशाला? तर चुकून एखादं मूल कुंपणातून आत शिरलं, तर त्याने हात लावू नये म्हणून. गोळ्यात काही नाही हे माहीत असूनही मुलांची एवढी काळजी घेणारं माणूस गावात एकच होतं.

कोण, ते कळलं होतं. का, ते अजून कळत नव्हतं. ऋजुता टेकाडाकडे चालू लागली.

जवळ येताना तिची नजर पुन्हा त्या भोकांवर गेली, आणि तिचे पाय थबकले. काल ती याच भोकांकडे बघून बंदुकांची कल्पना करत होती. पण रेतीत गोळीचं भोक टिकतं का? नेमावरला तिने रेतीत काठी खुपसून पाहिली होती. काढली की वरची रेती घसरून भोक बुजतं. आणि बंदुका थांबून तर कितीतरी वर्षं झाली होती. ही भोकं मुठीएवढी, गोल, कडा ताज्या, आणि प्रत्येकाखाली नुकत्याच उकरलेल्या रेतीची छोटी घसरण.

ही भोकं गोळ्यांची नव्हती.

ती श्वास रोखून उभी राहिली. आधी एका भोकातून काळी, बाकदार चोच बाहेर आली. मग हिरवं डोकं, डोळ्यावरून काळी रेघ, तांबूस गळा. पाखरू क्षणभर काठावर टेकलं आणि उडालं. उडताना शेपटी निळी झाली. मग शेजारच्या भोकातून दुसरं. मग सगळ्या अंगातून. काल माणसांच्या गलक्याने तारेवर जाऊन बसलेली ती ओळ आज घरी होती. निळ्या शेपटीचे राघू, वेड्या राघूच्या जातीचे. नेमावरच्या दरडींत तिने ते पाहिले होते. नदीकाठच्या रेतीतच हातभर लांब बोगदे खणून ते घरटी करतात. पण इथे? या घाटावर नदी कुठे होती?

हवेत हिरवं-निळं वारं सुटल्यासारखं झालं. पाखरं वर जात, उलटी फिरत, माशी पकडून परत येत आणि नेमकी आपल्याच भोकात शिरत. आतून पिल्लांचा बारीक, एकसारखा कलकलाट येत होता, जणू टेकाडच आतून बोलत होतं. कुणी तरी एके काळी नदीचा काठ इथे आणून टाकला होता, आणि आभाळातून जाणाऱ्या पाखरांना तो ओळखू आला होता. ऋजुताच्या पायांतल्या चपला तिने कधी काढल्या, तिचं तिलाच कळलं नाही.

मागे गवत सळसळलं.

"मला वाटलंच होतं, तुम्ही याल," वल्लरीबाई म्हणाल्या.

६

दोघी बाभळीच्या सावलीत बसल्या.

"पहिल्यांदा कधी पाहिलंत?" ऋजुताने विचारलं.

"मागच्या वर्षी. मोजणीवाल्यांना जागा दाखवायला मी आले होते. हे बघितलं आणि मोजणीवाले काय म्हणत होते, ते मला ऐकूच येईना."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"कुणाला सांगू? वन विभागाला सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्या जमिनीवर बोट ठेवलं असतं. शाळा गेली असती. गप्प बसले असते तर जेसीबी आला असता. पिल्लं आत आहेत, ताई. उडायला येऊ द्यायची होती, पाऊस लागेपर्यंत. फक्त टेकाडाचं काम लांबेल असं वाटलं होतं, पुढचं पुढे बघितलं असतं. दोन्हीतलं एकही सोडवेना मला."

"आणि त्या एका गोळ्यापायी दोन्ही घालवायची वेळ आली होती."

"हो." वल्लरीबाईंनी पदराने चेहरा पुसला. "अक्कांना पोथी वाचून दाखवते मी. त्यांच्याशीच बोलले होते. त्या म्हणाल्या, ‘ने तो.’ अहवालात माझं नाव लिहा तुम्ही. त्यांचं नका लिहू."

ऋजुताने खरं तेच लिहिलं, आणि वल्लरीबाईंचं नावही. ते नाव तिला लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही लिहिलं असतं तर जमिनीवरचा संशय फिटला नसता. त्याचबरोबर तिने एसडीएम साहेबांना, शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याला आणि वन विभागाच्या माणसांना एकाच सकाळी चांदमारीवर बोलावलं. काय दाखवायचंय ते कुणालाच सांगितलं नाही. साहेब गाडीतून उतरताना फोनवर कुणाला तरी झापत होते. टेकाडापाशी आल्यावर त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. पलीकडून कुणी तरी "हॅलो, हॅलो" करत राहिलं आणि साहेबांनी फोन तसाच खिशात टाकला.

"हे राहील," टेकाडाकडे बघत ते म्हणाले. "शाळेचंच राहील. शाळेच्या जमिनीत."

इमारतीचं तोंड फिरवून आराखडा नव्याने काढला. टेकाड कुंपण घालून शाळेच्या हद्दीतच ठेवलं. शौर्य पुष्कळ कुरकुरला. त्याची रेती गेली होती. राजवर्धनचा दावा अजून कोर्टात आहे, पण बांधकामाला त्याने स्थगिती मागितली नाही. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. अक्का मात्र सांगतात, की त्या त्याच्याशी महिनाभर बोलल्या नव्हत्या.

वल्लरीबाईंची चौकशी झाली. त्यांना मुख्याध्यापक पदावरून काढलं आणि धार जिल्ह्यातल्या एका आडगावी बदली केली. त्यांनी अपील केलं नाही. आता त्या पीथमपूरच्या पाळीच्या बसमध्ये कामगारांबरोबर उभ्याने जातात आणि पुढे टेंपोने शाळा गाठतात.

पुढल्या चैत्रात, नव्या वर्षाची शाळा सुरू झाली त्या दिवशी, त्या रजा काढून देवासला आल्या. काही खोल्यांना अजून गिलावा नव्हता, फाटकाला रंग नव्हता. ऋजुता त्यांना फाटकाबाहेरच भेटली. आत चला म्हटलं तर त्या नको म्हणाल्या.

राघू परतले होते. टेकाडावर त्यांची ये-जा चालू होती, आणि ऋजुता पुन्हा एकदा त्यात हरवून गेली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की वल्लरीबाई तिकडे बघतच नाहीत. घंटा झाली होती आणि मुली वर्गात निघाल्या होत्या. एका दारावर खडूने लिहिलं होतं, कक्षा नववी. गेल्या वर्षी घरी बसलेल्या मुलीही त्या रांगेत होत्या, थोड्या थोराड, थोड्या लाजलेल्या, नव्या दप्तरांचे पट्टे दोन्ही हातांनी धरून.

"इतक्या," वल्लरीबाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं होतं, पाच-सहा येतील."

रांग संपेचना. वल्लरीबाईंनी फाटकाची सळई धरली आणि शेवटची मुलगी आत जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत.